हटून बसलेलें इंजिन

यंत्राला जीव नसतो, हें आपण सर्व जाणतों. तरी तें बंद पडलें कीं माणूस त्याच्याशीं जिवंत प्राण्याप्रमाणें वागूं लागतो. कोणी त्यास शिव्या देतो, कोणी चाकास लाथ मारतो, कोणी चुचकारून विनवणी करतो. आणि ज्याच्या खिशांत पैसे असतात तो बाजारांत जाऊन नवे भाग विकत आणतो व एकामागून एक बसवीत सुटतो. या चारहि उपायांत एक दोष समान आहे. यंत्र कां थांबलें, हा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो. इंजिन चालण्यास ज्या थोड्या गोष्टी अवश्य आहेत त्यांपैकीं एखादी त्यास मिळेनाशी झालेली असते, एवढेंच. ती कोणती, हें क्रमाक्रमानें कसें शोधावें, तें एका जुन्या मालगाडीच्या उदाहरणावरून प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंत 'पिकअप' या नांवाची लहान मालगाडी फार लोकप्रिय आहे. पुढें दोघातिघांना बसण्याची बंद खोली व मागें उघडा हौदा, अशी तिची रचना असते. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या सुप्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडीस असा हौदा कारखान्यांतच बसवून ती विकण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या उन्हाळ्यांत, शेव्हर्ले कंपनीनें नव्या बांधणीच्या मालगाड्या बाजारांत आणल्या. त्यांपैकीं अर्ध्या टनाच्या गाडीस '३१००' हा क्रमांक होता. १९५३ पर्यंतच्या या गाडीचें इंजिन सहा सिलिंडरांचें, २१६ घनइंचांचें, म्हणजे सुमारें साडेतीन लिटरांचें, व सुमारें ९० अश्वशक्तीचें असे. शेतांतील मका, दुधाचे डबे, कुंपणाचे खांब, सर्व कांहीं या गाडीनें वाहिलें. आणि आज अनेक घरांत ती आजोबांची आठवण म्हणून कोठारांत जपून ठेवलेली आढळते. शेव्हर्ले हें नांव आपल्याकडेहि परकें नव्हतें. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, व १९५४ पर्यंत तेथें शेव्हर्लेच्या गाड्या जोडल्या जात असत.

आजच्या मोटारींत संगणक असतो व दोष कोठें आहे याची कांहीं सूचना तोच देतो. या जुन्या गाडींत तसें कांहींहि नाहीं. परंतु तिचा प्रत्येक अवयव डोळ्यांनीं दिसतो, हातानें चाचपतां येतो व साध्या साधनांनीं तपासतां येतो. म्हणूनच शिकणाऱ्यास तिच्यासारखी शाळा नाहीं.

इंजिनास काय लागतें?

जर्मन यंत्रज्ञ निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं जें चार धावांचें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर हें इंजिन चालतें. सिलिंडर म्हणजे एक नळकांडें. त्यांत दट्ट्या वरखालीं सरकतो. पहिल्या धावेंत दट्ट्या खालीं जातो व उघड्या झडपेंतून हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. दुसऱ्या धावेंत झडपा मिटलेल्या असतात, दट्ट्या वर येतो व मिश्रण दाबलें जातें. ही धाव संपण्याच्या सुमारास प्लगाच्या टोंकाशीं ठिणगी उडते, मिश्रण पेटतें, व तापलेले वायु दट्ट्यास जोरानें खालीं लोटतात. ही तिसरी धाव, आणि खरें काम होतें तें हिच्यांतच. चौथ्या धावेंत जळालेले वायु बाहेर टाकले जातात. इतर तीन धावांपुरती गति दट्ट्यास सोबतच्या सिलिंडरांकडून व जड चाकाकडून उसनी मिळते. इंजिन थांबलेलें असतां मात्र उसनें देणारें कोणीच नसतें. म्हणून पहिलीं कांहीं आवर्तनें बाहेरच्या शक्तीनेंच घडवावीं लागतात.

यावरून इंजिनाच्या गरजा पांच आहेत हें ध्यानांत येईल. तें पुरेशा वेगानें फिरविलें गेलें पाहिजे. ठिणगी पडली पाहिजे. हवेशीं योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल आंत गेलें पाहिजे. त्या मिश्रणावर दाब आला पाहिजे. आणि हें सर्व नेमक्या वेळीं घडलें पाहिजे. या पांचांवांचून सहावें कारण नाहीं. जो दोष असेल तो या पांच घरांपैकीं कोठल्या तरी घरांत असणारच. शोधणाऱ्याचें काम एवढेंच कीं, एकेका घराचें दार ठोठावून तेथें सर्व ठीक आहे किंवा कसें, याची खात्री करून घ्यावी व मगच पुढच्या दाराकडे वळावें. जी परीक्षा सोपी व बिनखर्चाची, ती आधीं करावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि जें पाहिलें तें वहींत टिपून ठेवावें.

आरंभींच सावधगिरीचे चार शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. पुढील परीक्षा विद्यार्थ्यांनीं वडील माणसाच्या किंवा जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीवांचून करूं नयेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेंहि पेट घेते. बॅटरी भरली जात असतां तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो. तोहि स्फोटक आहे. बंद कोठारांत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो, व त्यास रंग नाहीं कीं वास नाहीं. म्हणून गाडी मोकळ्या हवेंत आणावी, गिअर मोकळा करावा, हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, आग विझविण्याचें साधन जवळ ठेवावें, आणि बोटांतील अंगठी व मनगटावरील घड्याळ काढून ठेवावें.

पहिला प्रश्न : इंजिन फिरतें काय?

पूर्वीं इंजिन फिरविण्यास लोखंडी दांडा वापरीत. तो उलट फिरला कीं चालवणाऱ्याचें मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें १९११ सालीं विजेच्या लहान मोटारीनें इंजिन फिरविण्याची युक्ति सिद्ध केली व १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांस ती बसविण्यांत आली. या मोटारीस आपल्याकडील मिस्त्री 'सेल्फ' म्हणतात. आमच्या उदाहरणांतील गाडींत किल्ली फिरवून सेल्फ लागत नाहीं. किल्लीनें ठिणगीचा प्रवाह चालू करावयाचा व मग पायाखालचा एक दट्टा दाबावयाचा. दट्टा दाबला कीं सेल्फचें लहान दंतचक्र जड चाकाच्या दात्यांत अडकतें व त्याच हालचालीनें विजेची कळ मिटते.

ही गाडी सहा व्होल्टची आहे, आणि तिचे निम्मे रोग या एका गोष्टींत आहेत. शिशाच्या बॅटरींतील प्रत्येक घर सुमारें दोन व्होल्ट देतें. तीन घरांचे सहा. तेवढेंच काम करावयास सहा व्होल्टच्या सेल्फला बारा व्होल्टच्या मानानें दुप्पट प्रवाह लागतो. हा प्रवाह शंभर अँपियरांहून पुष्कळ अधिक असतो. आतां समजा, तारेच्या सांध्यावर गंज चढून केवळ एक शतांश ओहम इतका विरोध उत्पन्न झाला. दीडशें अँपियरांचा प्रवाह त्यांतून जातांना दीड व्होल्ट तेथेंच खर्चीं पडतील. बारांतून दीड गेल्यास साडेदहा उरतात. सहांतून दीड गेल्यास साडेचारच. आणि सेल्फ मंदावली कीं, 'सहा व्होल्टची गाडी अशीच असायची', असें म्हणून लोक गप्प बसतात! वास्तविक हीच गाडी कडक थंडींत, बर्फ पडत असतां, रोज पहाटे सुरू होत असे. पुष्कळदां दोष असा असतो कीं, कोणीतरी बारा व्होल्टच्या गाडीच्या बारीक तारा आणून तिला जोडलेल्या असतात. सहा व्होल्टना जाड तारा हव्यात.

परीक्षा सोपी आहे. पुढील दिवे लावून पायाचा दट्टा दाबावा. दिवे तसेच लखलखीत राहिले व सेल्फ हललीच नाहीं, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोंचत नाहीं. कळेचे स्पर्श तपासावे. दिवे अगदीं विझले, तर बॅटरीच्या खिळीवरील पकड सैल किंवा गंजलेली आहे. दिवे फार मंदावले, तर बॅटरी रिकामी आहे किंवा इंजिनच जाम झालें आहे. व्होल्टमापक असल्यास त्याचीं दोन टोंकें बॅटरीच्या खिळ्यांवर धरून सेल्फ चालवावी, आंकडा ४.८ च्या खालीं गेल्यास बॅटरीबद्दल संशय घ्यावा. मग एक टोंक बॅटरीच्या ऋण खिळीवर व दुसरें इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून पुन्हा सेल्फ चालवावी. येथें आंकडा शून्याजवळ असावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आल्यास परतीच्या वाटेवर, म्हणजे 'अर्थ'च्या तारेंत, गंज किंवा रंग आडवा आला आहे असें समजावें. सँडपेपरानें घांसून उजळ केलेला एक सांधा पुष्कळदां नव्या सेल्फचें काम करतो. सेल्फ एका वेळीं दहापंधरा सेकंदांहून अधिक चालवूं नये. तिला विसांवा द्यावा, नाहीं तर ती जळते.

इंजिन मुळींच फिरत नसेल तर बळ करूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें, एकदोन दिवस थांबावें व मग पान्यानें हळूहळू फिरवून पाहावें. वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या इंजिनांत दट्ट्याच्या कड्या गंजून सिलिंडरास चिकटतात. ओढून बांधलेल्या दुसऱ्या गाडीच्या धक्क्यानें त्या सुटत नाहींत, मोडतात.

दुसरा प्रश्न : ठिणगी पडते काय?

इंजिन चांगलें फिरतें परंतु पेटत नाहीं, अशा वेळीं आम्ही ठिणगीची परीक्षा आधीं करतों. याचें कारण असें कीं, पेट्रोलच्या परीक्षेंत थोडें पेट्रोल सांडण्याचा संभव असतो, आणि सांडलेल्या पेट्रोलाजवळ ठिणगी पाडणें धोक्याचें आहे.

ठिणगीची रचना मोठी सुंदर आहे. बॅटरींतील प्रवाह किल्लींतून कॉइलच्या पहिल्या, जाड तारेच्या वेटोळ्यांत जातो व तेथून 'पॉइंट' नांवाच्या दोन लहान स्पर्शांतून इंजिनाच्या लोखंडांत उतरतो. पॉइंट मिटलेले असतांना कॉइलच्या लोखंडी गाभ्याभोंवतीं चुंबकक्षेत्र उभें राहतें. फिरत्या दांड्यावरील उंचवटा पॉइंट उघडतो. प्रवाह तुटतो, क्षेत्र एकाएकीं कोसळतें, आणि दुसऱ्या, बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कांहीं हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हा दाब डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणाच्या मध्यभागीं येतो व तेथील फिरता रोटर तो ज्या त्या प्लगास वाटून देतो. पॉइंट उघडतांना त्यांच्यांतच ठिणगी उडून प्रवाह रेंगाळूं नये म्हणून कंडेन्सर हा लहानसा डबा शेजारीं बसविलेला असतो. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां पॉइंट सेकंदास १५० वेळां उघडतात व मिटतात. असें असूनहि त्यांच्यांतील फट सुमारें ०.०१८ इंच इतकीच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी असते. एवढ्याशा फटींत किती गोष्टी बिघडूं शकतील याची कल्पना करावी.

प्रथम झांकण उघडून पाहावें. सेल्फ चालविली असतां रोटर फिरतो काय? या इंजिनांत झडपांचा दांडा फिरविणारें दंतचक्र दाबलेल्या तंतूंचें, म्हणजे आवाज न करणाऱ्या मऊ द्रव्याचें असतें. म्हातारपणीं त्याचे दांते झडतात. रोटर स्थिर राहिला तर दोष तेथें आहे, व पुढील सर्व परीक्षा तूर्त व्यर्थ होत.

रोटर फिरत असेल तर झांकण पुन्हा बसवावें. त्याच्या मध्यांतील तार काढून तिचें टोंक कोरड्या लांकडी चिमट्यानें इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरावें व सेल्फ चालवावी. निळसर, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइलपर्यंत सर्व ठीक; मग झांकणास तडा, आंत ओल, किंवा प्लगांवर काजळी आहे काय तें पाहावें. ठिणगी पिंवळी व दुबळी असेल, किंवा पडतच नसेल, तर एक लहान सहा व्होल्टचा दिवा घ्यावा. त्याची एक तार लोखंडास व दुसरी कॉइलच्या पॉइंटांकडील खिळीस लावून किल्ली उघडावी व इंजिन फिरवावें. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करीत आहेत, व कॉइल किंवा कंडेन्सर यांचा विचार करावा. दिवा सतत जळत राहिला तर प्रवाह कॉइलमधून येतो आहे, परंतु पॉइंट मिटूनहि स्पर्श करीत नाहींत. दिवा मुळींच लागला नाहीं तर प्रवाह कॉइलपर्यंत पोंचत नाहीं, किंवा पॉइंटांकडील तार अथवा कंडेन्सर लोखंडास चिकटून प्रवाह मधल्या मध्यें निसटतो आहे. दोन तारांचा क्षुल्लक दिवा. परंतु तीन उत्तरें देतो, आणि तीन्ही खरीं!

फार दिवस उभ्या असलेल्या गाडींत दुसरें उत्तर वारंवार येतें. पॉइंटांवर डोळ्यांस न दिसणारी मळाची पातळ साय चढते व सहा व्होल्टचा दुबळा दाब ती भेदूं शकत नाहीं. बारीक कानशीनें हलका हात फिरवून, स्वच्छ कोऱ्या कागदानें पुसून, फट मोजून बसविली कीं ठिणगी परत येते.

तिसरा प्रश्न : पेट्रोल पोंचतें काय?

टाकी भरलेली आहे, एवढ्यावरून पेट्रोल इंजिनांत पोंचलें असें होत नाहीं. टाकींतून नळीनें पेट्रोल पंपाकडे येतें. पंपांतील लवचीक पडदा इंजिनाच्याच गतीनें वरखालीं होऊन तें कार्ब्युरेटरच्या कटोरींत ढकलतो. कटोरींतून तें बारीक छिद्रांवाटे हवेच्या झोतांत उडतें. या मार्गावर गाळ, गोंद, पाणी आणि फाटका पडदा असे चार शत्रु टपलेले असतात.

इंजिन बंद ठेवून हवेचें गाळणें काढावें, कार्ब्युरेटरच्या तोंडांत पाहावें व दुसऱ्याकडून प्रवेगक एकदां दाबवावा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कटोरींत पेट्रोल आहे. उडाली नाहीं तर एक पाऊल मागें जावें. कॉइलची तार लोखंडास जोडून ठिणगी बंद करावी. कार्ब्युरेटरकडील नळी सोडवून तिचें तोंड बरणींत धरावें व सेल्फ चालवावी. पेट्रोल उसळ्या मारीत आलें तर पंप निर्दोष, व दोष कार्ब्युरेटरच्या सुईझडपेंत किंवा छिद्रांत आहे. आलें नाहीं तर पंप, रबरी नळी किंवा टाकी यांकडे वळावें. टाकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें असतांहि पेट्रोल येईनासें होतें. त्याच वेळीं तेल पाहण्याची सळई काढून तिचा वास घ्यावा. तेलास पेट्रोलचा वास येत असेल तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल आंतल्या तेलांत झिरपत असल्याचा संभव मोठा. तें तेल बदलल्यावांचून इंजिन चालवूं नये.

जुनें पेट्रोल हाहि एक मोठा रोग आहे. त्यांतील हलके, चटकन् पेटणारे अंश कांहीं महिन्यांत उडून जातात व मागें व्हार्निशासारखा चिकट गाळ उरतो. त्यास आंबट, रंगासारखा वास येतो. शिवाय अमेरिकेंत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलांत आतां सुमारें १० टक्के इथेनॉल असतें. भारतांतहि २०२५ सालीं तें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें, व जुन्या काळचें रबर त्याच्यापुढें टिकत नाहीं. म्हणून अशा गाडींत पंपाचा पडदा व नळ्या नव्या रबराच्या असणें इष्ट आहे.

याच्या उलटहि एक प्रकार आहे. पेट्रोल अधिक झाल्यानें प्लग भिजतात व ठिणगी विझते. वास तीव्र येतो व प्लग काढल्यास ओले, काळे दिसतात. अशा वेळीं चोक पूर्ण उघडावा, प्रवेगक तळापर्यंत दाबून स्थिर धरावा व सेल्फ चालवावी. आंत गेलेली कोरडी हवा प्लग वाळविते. अधीर माणूस येथें प्रवेगक पुन्हा पुन्हा दाबतो व प्रत्येक दाबेगणिक आणखी पेट्रोल ओततो.

चौथा व पांचवा प्रश्न : दाब आणि वेळ

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन पेटत नाहीं, तर दाब पाहावा. सर्व प्लग काढून एकेका छिद्रांत दाबमापक बसवावा व सेल्फ चालवावी. सहाहि आंकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एखादा फार कमी आला तर त्या सिलिंडरांत चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावें. आंकडा वाढला तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत, कारण तेलानें ती फट तेवढ्यापुरती बुजली. वाढला नाहीं तर झडप नीट मिटत नाहीं. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आंकडे कमी आले तर त्या दोहोंमधील गॅस्केट जळालेलें असण्याचा संभव आहे. पाहा, चमचाभर तेल केवढी साक्ष देतें!

राहिली वेळ. या इंजिनांत ठिणगीचा क्रम १, ५, ३, ६, २, ४ असा आहे. झांकणाच्या तारा काढून पुन्हा लावतांना दोन तारांची अदलाबदल झाली तर इंजिन ठसकतें, कार्ब्युरेटरमधून भडका फेंकतें, पण चालत नाहीं. पहिल्या सिलिंडरच्या छिद्रावर अंगठा ठेवून इंजिन हातानें फिरवावें. हवा अंगठ्यास बाहेर लोटूं लागली म्हणजे दट्ट्या दाबाच्या धावेंत आहे. जड चाकांत एक पोलादी गोळी बसविलेली असते; ती बाजूच्या खिडकींतील कांट्यासमोर आणावी. त्या वेळीं रोटरचें तोंड पहिल्या प्लगाच्या तारेकडे असलें पाहिजे. तें नेमकें विरुद्ध बाजूस असेल तर डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा चुकवून बसविला आहे.

एक उदाहरण

आतां हे सर्व प्रश्न एकत्र कसे चालतात तें पाहूं. आयोवा संस्थानांतील एखाद्या शेतावर १९५० सालची अशी गाडी चार वर्षें कोठारांत उभी आहे असें समजा. आजोबा निवर्तले, नातवानें नवी बॅटरी बसविली. सेल्फ जोमानें फिरते, पण इंजिन खोकतहि नाहीं. म्हणजे पहिलें घर निर्दोष. रोटर फिरतो; ठिणगी मात्र नाहीं. दिवा लावला, तो सतत जळत राहिला. पॉइंट घांसले, फट बसविली, निळी ठिणगी पडली. नातवास वाटलें, जिंकली! त्यानें दट्टा दाबला, आणि इंजिन तरीहि मुकेंच.

येथेंच शोधणाऱ्याची कसोटी लागते. पुष्कळ जण अशा वेळीं म्हणतात कीं, पॉइंटांचा तर्क चुकला. आणि केलेलें योग्य काम उलटवून ते पुन्हा पहिल्यापासून गोंधळ घालतात. परंतु ठिणगी पूर्वीं नव्हती व आतां आहे, हें डोळ्यांनीं पाहिलेलें सत्य आहे. इंजिन सुरू झालें नाहीं म्हणून तें खोटें ठरत नाहीं. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडींत एकाच वेळीं दोन दोष असणें अगदीं स्वाभाविक आहे. म्हणून वहींत 'ठिणगी ठीक' असें लिहून पुढच्या घराकडे वळावें. प्रवेगक दाबला, चिळकांडी नाहीं. नळीतून बरणींत पेट्रोल येतें, पण कटोरी उघडतांच तपकिरी गोंद दिसतो व सुईझडप चिकटलेली. कटोरी धुतली, टाकींतील जुनें पेट्रोल काढून ताजें भरलें. दुसऱ्या खेपेस दट्टा दाबतांच इंजिन खोकलें, थरथरलें व आपल्या संथ तालांत चालूं लागलें.

या कामास खर्च किती आला? कानस, कागद, थोडें पेट्रोल आणि एक दुपार. नव्या कॉइलचे, नव्या पंपाचे, नव्या डिस्ट्रिब्यूटरचे पैसे वांचले, हा लाभ तर आहेच. परंतु त्याहून मोठा लाभ असा कीं, गाडी भंगारांत गेली नाहीं. 'हिच्यांत आतां कांहीं राहिलें नाहीं', असा निकाल देऊन किती चांगलीं यंत्रें भट्टींत घालण्यांत आलीं असतील. आणि त्यांतील कित्येकांचा अपराध पॉइंटांवरील सायीएवढाच असेल.

विद्यार्थिमित्रांनो, गणिताचें उत्तर जुळलें नाहीं म्हणजे सर्व पाटी पुसून टाकण्याचा मोह होतो. त्या वेळीं पहिली ओळ बरोबर आहे काय, दुसरी बरोबर आहे काय, असें विचारीत खालीं यावें; चूक ज्या ओळींत असेल ती आपण होऊन सांपडते, व तिच्या वरचें सर्व काम तुमचेंच राहतें.

आणि पालकांसहि आमची एक विनंति आहे. वर्गांत एखादा मुलगा किंवा मुलगी मागें पडते, तेव्हां 'आळशी आहे', 'डोकेंच नाहीं', असा निकाल घरांत व कधीं कधीं शाळेंतहि लवकर दिला जातो. तो देण्यापूर्वीं फळ्यावरचें अक्षर त्यास दिसतें काय, शिक्षकांचे शब्द ऐकूं येतात काय, सकाळीं कांहीं खाऊन तें मूल शाळेंत येतें काय, रात्रीं त्याची झोंप पुरी होते काय, आजारपणांत बुडालेला धडा त्यास कोणीं पुन्हा शिकविला काय, हें एकेक करून पाहावें. एक दोष दूर झाल्यावर लगेच गुण वाढले नाहींत, तर निराश होऊं नये. दुसरा दोष असूं शकतो. एवढें सगळें तपासून झाल्यावर फारच थोडीं मुलें अशीं उरतील कीं ज्यांना आळशी म्हणावें लागेल.